उत्तर बरोबर, पण उशिरा

लेहच्या विमानतळावर उतरलेल्या माणसाला तासाभरात एक गोष्ट कळते: बॅग उचलून दहा-बारा पायऱ्या चढलं की दम लागतो. दुसरी गोष्ट मात्र बऱ्याच जणांना परत येईपर्यंत कळत नाही. हॉटेलच्या काउंटरवर नाव-पत्ता, मुक्कामाच्या तारखा, आधार क्रमांक, सगळं तो बिनचूक लिहितो. बिलाची बेरीज चुकत नाही, गप्पांत मागे पडत नाही. तरी या प्रत्येक कामाला तो घरी लागला असता त्याहून किंचित जास्त वेळ घेत असतो. छातीची धाप जाणवते. मेंदूचा उशीर जाणवत नाही, कारण जाणीव करून द्यायचं काम त्या उशीर करणाऱ्या मेंदूकडेच असतं.

एरवीच्या समजुतीप्रमाणे मेंदूला ऑक्सिजन कमी पडला तर माणूस चुकायला हवा, बरळायला हवा. तसं घडतंही, पण ते खूप उंचावर, सात-आठ हजार मीटरवर. साडेतीन-चार हजार मीटरवर, म्हणजे जिथे जगातली मोठमोठी शहरं वसलेली आहेत, तिथे धडधाकट माणूस सहसा चुकत नाही. त्याला वेळ लागतो. असं का व्हावं, आणि तिथेच वर्षानुवर्षं राहिलं तर हा उशीर भरून निघतो का, हे दोन प्रश्न गेली शंभरेक वर्षं शास्त्रज्ञांना सतावत आले आहेत. उपलब्ध पुराव्यावरून माझं मत असं झालं आहे की उंची बुद्धीला फारसा धक्का लावत नाही, तिच्या वेगाला लावते. शरीर सरावलं की हा परिणाम बराच ओसरतो, पण बाहेरून आलेल्या माणसात पूर्ण नाहीसा होतो असं दिसत नाही.

ऑक्सिजन तेवढाच, दाब कमी

‘उंचावर हवेत ऑक्सिजन कमी असतो’ हे आपण सर्रास बोलतो, ते अर्धंच खरं आहे. अलिबागच्या किनाऱ्यावर हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, लेहला तेवढाच आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढाच. कमी होतो तो हवेचा दाब, म्हणजे आपल्या डोक्यावर असलेल्या हवेच्या थराचं वजन. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाला तोलून धरतो. ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये तो याच्या साधारण दोन तृतीयांश उरतो. एका श्वासात छातीत जाणाऱ्या हवेचं आकारमान तेच राहतं, पण तिच्यातले ऑक्सिजनचे रेणू त्याच प्रमाणात घटतात. शिवाय फुप्फुसाच्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन रक्तात शिरतो तोही दाबातल्या फरकाच्या जोरावर. तो जोरच कमी पडतो.

सुदैवाने रक्तातल्या हिमोग्लोबिनची एक खोड आपल्याला सांभाळून घेते. दाब थोडासा उतरला तरी ते ऑक्सिजनचा भार जवळपास पूर्ण उचलतं. अडीच-तीन हजार मीटरपर्यंत फारसा फरक पडत नाही, आणि त्यापुढे मात्र भार झपाट्याने घटू लागतो. महाबळेश्वरला किंवा १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर डोकं जड झाल्याची तक्रार कोणी करत नाही, ते यामुळेच. लेह नेमकं त्या उताराच्या तोंडाशी आहे. नव्याने आलेल्या माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर घरी ९७-९८ दाखवणारा आकडा तिथे नव्वदीच्या आसपास, कित्येकदा त्याच्याही खाली येतो.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्याच्याजवळ साठाही नसतो. त्यामुळे टंचाईची चाहूल लागताच शरीर तडजोडी सुरू करतं. श्वास वाढतो, नाडी वाढते, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पहिले काही दिवस मेंदूचा रक्तपुरवठा वाढलेला राहतो. यातली एक तडजोड दुसरीच्या आड येते. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि तो घटला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. थॉमस हॉर्नबाइन हे एव्हरेस्टच्या पश्चिम धारेवरून १९६३ साली माथा गाठणारे गिर्यारोहक आणि पेशाने भूलतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एक चकित करणारं निरीक्षण नोंदवलं: अतिउंचावर जाऊन आलेल्यांपैकी ज्यांचं शरीर टंचाईला उत्तर म्हणून जास्त जोराने श्वास घेत होतं, त्यांच्याच मेंदूच्या चाचण्या खाली परतल्यावर जास्त खालावलेल्या निघाल्या. ज्या दमदार छातीमुळे माणूस शिखरावर पोहोचतो, तिची किंमत मेंदूने मोजलेली असावी, असं त्यांचं अनुमान होतं.

ऊर्जा पुरते, निरोप अडतो

इथे एक शंका रास्त आहे. रक्तात ऑक्सिजन दहा टक्क्यांनी कमी आणि मेंदूकडचा रक्ताचा ओघ तितकाच किंवा त्याहून जास्त वाढलेला, तर हिशेब जुळला. मग मेंदू मंदावतो कशाने? पेशींमधली ऊर्जा मोजली तर सौम्य टंचाईत ती खरोखरच घटलेली दिसत नाही. म्हणजे इंधन संपल्यामुळे मेंदू मंद होतो हे सोपं स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही.

उत्तर मज्जापेशींच्या मधल्या फटीत आहे. एका पेशीचा निरोप दुसरीकडे जातो तो रसायनांमार्फत: ॲसिटिलकोलिन, डोपामिन, सेरोटोनिन आणि अशीच आणखी. ऑक्सिजन इंधन जाळायला लागतो एवढंच आपण शाळेत शिकतो, पण डोपामिन आणि सेरोटोनिन तयार करणाऱ्या विकरांना, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना, तो कच्चा माल म्हणूनही लागतो. पेशीतली ऊर्जाकेंद्रं ऑक्सिजनची पातळी फार खाली गेली तरी काम रेटतात; या विकरांचा हात मात्र त्याच्या बराच आधी आखडतो. ॲसिटिलकोलिनचं उत्पादनही, उंदरांवरच्या प्रयोगांत, ऊर्जेचा साठा शाबूत असताना घटलेलं आढळलं आहे. छापखान्यात वीज आहे, यंत्र फिरतंय, कागद आहे, फक्त शाई पातळ झाली आहे, असं समजा. ठसा उमटतो पण फिका, आणि अक्षर वाचण्याजोगं व्हायला त्यावर पुन्हा दाब द्यावा लागतो. मजकूर तोच, वेळ जास्त. लक्ष एका गोष्टीवर धरून ठेवणं, ते दुसरीकडे वळवणं आणि हालचाल सुरू करणं, या तीन कामांचा भार मुख्यतः याच रसायनांवर असतो. उंचीचा पहिला फटका त्यांनाच का बसतो, हे यावरून उलगडतं.

दिवा लागल्यापासून बटण दाबेपर्यंत

समोरचा दिवा लागताच बटण दाबा, असं सांगितलं तर निरोगी तरुणाला साधारण पाव सेकंद, किंवा त्याहून थोडा कमी वेळ लागतो. या पाव सेकंदात तीन टप्पे असतात: दिसणं, ठरवणं आणि बोट हलणं. मज्जातंतूंतून संदेश धावण्याचा वेग या उंचीवर जवळपास बदलत नाही, स्नायूही हुकूम ऐकतात. ताण येतो तो मधल्या टप्प्यावर, आणि तो मेंदूच्या विद्युत्-लहरींत दिसतो. एखादी अर्थपूर्ण खूण दिसल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी टाळूवरच्या इलेक्ट्रोडवर एक लाट उमटते. ‘हे माझ्या कामाचं आहे’ अशी मेंदूने घेतलेली ती नोंद. ऑक्सिजनच्या टंचाईत ही लाट उशिरा येते आणि तिची उंचीही कमी भरते.

त्यामुळे एकच दिवा आणि एकच बटण असेल तर चार हजार मीटरवरही फरक थोडा दिसतो. लाल लागला तर डावं बटण, हिरवा लागला तर उजवं आणि पिवळा लागला तर काहीच नाही, असा खेळ केला की फरक उघडा पडतो. सरावलेलं काम टिकतं, नवं काम रखडतं. एव्हरेस्टवरच्या गिर्यारोहकांच्या बिनतारी संभाषणांचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ फिलिप लीबरमन यांनी १९९० च्या दशकात केला. वरच्या छावण्यांमध्ये साध्या वाक्यांचा अर्थ लावायलाही जास्त वेळ लागत होता आणि ‘ब’ व ‘प’ यांसारख्या व्यंजनांच्या उच्चारातलं सूक्ष्म अंतर बिघडत होतं. व्याकरण कोणी विसरलं नव्हतं. मेंदूच्या तळाशी असलेलं, हालचालींचा क्रम जुळवणारं केंद्र ढिलं पडलं होतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

डोळ्यांचं वेगळं सांगायला हवं. अंधारात पाहण्यासाठी वापरात येणाऱ्या दृष्टिपटलातल्या पेशी ऑक्सिजनच्या बाबतीत अतिशय खादाड असतात. वैमानिकांच्या प्रशिक्षणात शिकवलं जातं की रात्रीची नजर सुमारे १,५०० मीटरपासूनच किंचित मंदावू लागते. म्हणजे उंचीच्या या एका परिणामाला सह्याद्रीचे सर्वांत उंच माथेही पुरेसे आहेत. दिवसाउजेडी त्याचा मागमूस लागत नाही.

एवढ्याशा उशिराने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सोळा मीटरहून जास्त पुढे सरकते. ब्रेकवर पाय पडायला दशांश सेकंद उशीर झाला तर ती दीड मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. लडाखच्या रस्त्यांवर कठडा नसलेल्या वळणावर तेवढं अंतर पुष्कळ झालं. आणि सरासरीपेक्षा धोक्याच्या असतात त्या अधूनमधून लक्ष सुटण्याच्या मोठ्या फटी. झोप अपुरी झाली की त्या वाढतात.

*चौकट : भारतीय लष्कराचा चढता क्रम*
*सपाटीवरून थेट उंचावर पाठवलेल्या जवानाला लगेच कामाला जुंपत नाहीत. ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात पहिले सहा दिवस, १२,००० ते १५,००० फुटांच्या टप्प्यात पुढचे चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस, असा सरावाचा क्रम ठरलेला आहे. सुरुवातीचे दिवस विश्रांतीचे, मग हलकं चालणं, मग चढण आणि ओझं. हा क्रम मुख्यतः फुप्फुसात आणि मेंदूत पाणी साठण्याचे जीवघेणे विकार टाळण्यासाठी आहे. लक्ष आणि वेग सावरणं हा त्याचा जोडलाभ.*

थंडी, थकवा की झोप?

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: डोंगरावर गेलेला माणूस थंडीने कुडकुडतो, नीट जेवत नाही, पाणी कमी पितो, चालून थकतो आणि रात्री तळमळतो. मग दोष विरळ हवेचा कशावरून? झोपेचा मुद्दा तर खराच आहे. उंचावर झोपेत श्वासाची लय बिघडते. काही श्वास भराभर घेतले जातात, कार्बन डायऑक्साइड उतरतो, मग मेंदू श्वास थांबवतो, काही सेकंदांनी माणूस अर्धवट जागा होऊन पुन्हा धापा टाकतो. रात्रभर हे चक्र चालतं. सकाळी आठ तास अंथरुणात काढल्याचं समाधान असतं, झोपेचं नसतं.

हा गुंता सोडवायचा तर बाकी सगळं तसंच ठेवून केवळ ऑक्सिजन बदलावा लागेल. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांच्या गटाने नेमकं तेच केलं. ५,००० मीटरइतकी टंचाई असलेल्या खोलीतल्या हवेत त्यांनी ऑक्सिजनचं प्रमाण सहा टक्क्यांनी, म्हणजे २१ वरून २७ वर नेलं. आत बसलेल्याला आणि चाचणी घेणाऱ्यालाही आज कोणती हवा आहे हे ठाऊक नव्हतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ऑक्सिजन वाढवलेल्या हवेत प्रतिक्रिया जलद झाल्या, हात आणि डोळ्यांचा मेळ सुधारला आणि माणसांना बरंही वाटलं. थंडी, जेवण, थकवा यांचा इथे प्रश्नच उरत नाही. वेस्ट यांचा ठोकताळा असा की खोलीतला ऑक्सिजन एक टक्क्याने वाढवला की शरीराच्या लेखी उंची सुमारे ३०० मीटरने उतरते. ३,८०० मीटरवर झोपण्याच्या खोलीत ऑक्सिजन थोडा वाढवल्यावर झोप सुधारली, असंही याच गटाला आढळलं. म्हणजे झोप हे वेगळं कारण नसून टंचाईचाच दुसरा मार्ग आहे: दिवसा ती थेट मेंदूवर येते, रात्री झोपेच्या वाटेने.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. खालच्या उंचीवरचा पुरावा असा पक्का नाही. १९६६ साली डेनिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या ५,००० फुटांच्या, म्हणजे दीड हजार मीटरच्या हवेत नवं काम शिकणाऱ्यांची प्रतिक्रिया मंदावल्याचं मांडलं. त्यावर बरीच खळबळ उडाली, पण पुढे इतरांना तो परिणाम भरवशाने मिळाला नाही. अडीच हजार मीटरच्या खाली दिवसाउजेडी लक्ष आणि वेगावर मोजण्याजोगा परिणाम होतो असा दावा मी तरी करणार नाही.

वस्तीला राहिल्यावर

पाहुण्याचं एक झालं. वस्तीला राहणाऱ्याचं काय? या वादाची सुरुवात कडवट झाली. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट १९२१-२२ च्या हिवाळ्यात पेरूमधल्या ४,३०० मीटरवरच्या सेरो दे पास्को या खाणगावी मोजमापं करून आले आणि त्यांनी लिहून टाकलं की उंचावर राहणाऱ्या सगळ्यांचीच शारीरिक आणि मानसिक ताकद उणावलेली असते. लिमाचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांना हे जिव्हारी लागलं. अँडीजमध्ये शतकानुशतकं साम्राज्यं उभी राहिली, शेती झाली, खाणी चालल्या, आणि काही आठवडे राहून गेलेला पाहुणा त्या लोकांना अधू ठरवतो? त्यांचा टोला असा होता की मोजमाप करताना बारक्रॉफ्टच उंचीने आजारी होते आणि त्यांना ते कळलं नव्हतं. हा टोला निव्वळ शाब्दिक नव्हता. पाहुण्याच्या अनुभवावरून रहिवाशाविषयी निष्कर्ष काढायचा नाही, हे तत्त्व त्यातून पुढच्या संशोधनाला मिळालं.

म्हणून तीन गट वेगळे ठेवावे लागतात. पहिला, सपाटीवरून नोकरीसाठी वर गेलेल्यांचा. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात ४,००० मीटरवर दोन वर्षं राहिलेल्या जवानांची डोळा आणि हाताच्या समन्वयाची चाचणी वेळोवेळी घेतली होती. सुरुवातीला त्यांचा वेग आणि अचूकता दोन्ही घटले, आणि सुधारणा दिसू लागली ती आठवड्यांत नव्हे तर महिन्यांनी. धाप मात्र त्याच्या खूप आधी थांबलेली असते. ‘आता सवय झाली’ हे वाक्य छातीच्या बाबतीत लवकर खरं ठरतं, हाताच्या बाबतीत उशिरा.

त्याच गटाचं दुसरं उदाहरण ३,६५० मीटरवरच्या ल्हासाचं. सपाटीवर वाढलेले आणि काही वर्षं तिथे शिकायला राहिलेले हान वंशाचे चिनी तरुण आणि सपाटीवरच राहिलेले त्यांच्या वयाचे तरुण यांची तुलना चिनी संशोधकांनी २०१० च्या दशकात केली. हात आवरण्याच्या, म्हणजे ठरावीक खूण दिसली तर बटण न दाबण्याच्या चाचणीत दोन्ही गटांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. फरक होता मेंदूच्या लहरींत. वर राहिलेल्यांचा मेंदू तेच उत्तर द्यायला वेगळी वाट घेत होता: गोंधळाची दखल घेणारी आधीची लाट मोठी, नंतरची लाट लहान. वरवर भरपाई झालेली दिसते, पण ती करण्यात मेंदूचं राखीव बळ खर्ची पडत असावं, असा त्याचा सरळ अर्थ लागतो.

दुसरा गट अँडीजमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचा. बोलिव्हियात सखल सांताक्रूझ आणि उंचावरची ला पाझ, एल आल्तो ही शहरं यांतल्या मुलांपासून वृद्धांपर्यंतच्या माणसांची तुलना झाली आहे. उंचावरच्यांत ठळक दिसला तो प्रतिक्रिया आणि हालचालींच्या वेगातला फरक, आणि तोही माफक. गरिबी, शाळा, आहार यांनीही असा फरक पडू शकतो हा आक्षेप इथे जोरदार आहे आणि तो पूर्ण खोडता येत नाही. तरी निव्वळ गरिबीचा हात असता तर शब्दसंग्रह, सामान्य ज्ञान यांतही तितकीच दरी पडायला हवी होती. फरक वेगात उठून दिसावा, हे पाहुण्यांमध्ये दिसलेल्या चित्राशी जुळतं.

तिसरा गट तिबेटी आणि त्यांच्याशी नातं सांगणाऱ्या हिमालयातल्या लोकांचा. अँडीजमधल्या माणसाने टंचाईवर तोडगा काढला तो रक्तात हिमोग्लोबिन वाढवून. रक्त दाट झालं आणि काहींना त्यातून मोंगे यांच्याच नावाने ओळखला जाणारा आजार जडला. तिबेटी लोकांचं हिमोग्लोबिन बेताचंच राहतं. त्यांच्यातल्या ‘इपास१’ या जनुकाचं खास रूप डेनिसोव्हन या नामशेष मानवांकडून आलेलं आहे, असं २०१४ साली दाखवण्यात आलं. त्यामुळे ल्हासात शिकायला आलेल्या हान तरुणांचे आकडे तिथल्या मेंढपाळाला लावणं ही बारक्रॉफ्ट यांचीच चूक पुन्हा करणं होईल.

ज्याला विचारायचं, तोच साक्षीदार कच्चा

१५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तिघे जण पॅरिसहून आकाशात गेले. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या, आणि गरज वाटेल तेव्हा नळी तोंडाला लावायची असं ठरलं होतं. आठ हजार मीटरच्या वर जाऊन बलून खाली आलं तेव्हा गास्तों तिसाँदिए एकटेच जिवंत होते. क्रोचे-स्पिनेली आणि सिव्हेल यांचा मृत्यू झाला होता. तिसाँदिए यांनी नंतर लिहिलं की त्रास असा काही होतच नव्हता, उलट आत एक आनंद भरून आला होता. नळीकडे हात न्यायचं मनात आलं तेव्हा हात हलेना. गरज वाटेपर्यंत थांबायचं ठरवलं, आणि गरज वाटायला लावणारी यंत्रणाच आधी बंद पडली.

विमानवाहतुकीने यातून घेतलेला धडा सरळ आहे: वैमानिकाला कसं वाटतंय हे विचारायचं नाही, उंचीमापक पाहायचा. प्रवासी विमानाच्या केबिनमधली हवा नेहमीच्या उड्डाणात ८,००० फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे २,४४० मीटरपेक्षा विरळ होऊ द्यायची नाही, आणि केबिन १०,००० फुटांच्या वर ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त काळ राहिली तर वैमानिकाने ऑक्सिजन घ्यायचा, मग तो कितीही ताजातवाना असो. आपल्याकडचा विरोधाभास असा की लेहच सुमारे ११,५०० फुटांवर आहे. पुण्या-मुंबईहून विमानाने गेलेला पर्यटक दुसऱ्या दिवशी भाड्याची मोटरसायकल काढून १७,००० फुटांवरच्या खारदुंगला खिंडीकडे निघतो, आणि ‘मी ठीक आहे’ ही त्याची स्वतःचीच साक्ष त्याला पुरेशी वाटते. शरीर काही प्रमाणात सरावतं, त्यामुळे वैमानिकाचा नियम त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही हे खरं. पण दोन दिवस गावात काढायचे, गाडी चालवायची ती तिसऱ्या दिवसानंतर आणि अंधार पडायच्या आत, एवढं घरून निघतानाच ठरवून ठेवता येतं. तिथे पोहोचल्यावर ठरवू म्हटलं तर ठरवणारं डोकं आधीच साडेअकरा हजार फुटांवर असतं.

खगोलशास्त्रज्ञांनी या अडचणीवर मार्ग काढला आहे. चिलीत ५,००० मीटरच्या पठारावरच्या अल्मा दुर्बिणींचं दैनंदिन नियंत्रण २,९०० मीटरवरच्या तळावरून चालतं, आणि वर कामाला गेलेल्यांसाठी खोल्यांमध्ये ऑक्सिजन वाढवायची सोय आहे. लडाखमधल्या हानले इथे ४,५०० मीटरवर असलेली हिमालयन चंद्र दुर्बीण बेंगळुरूजवळच्या होसकोटे इथून उपग्रहामार्फत चालवली जाते. निरीक्षक खाली, सपाटीच्या हवेत बसलेला असतो.